पाचव्या मजल्यावर मॉनिटर नव्हता

हायड्रोजन मॉनिटर तपासायला दोन सिलिंडर लागतात. एकात हायड्रोजनचा मागमूसही नसलेला नायट्रोजन असतो. इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं त्याला झिरो गॅस म्हणतात. दुसऱ्यात मोजून मिसळलेला ठरावीक टक्के हायड्रोजन असतो, तो स्पॅन गॅस. आधी पहिला सोडायचा आणि काटा शून्यावर येतो का ते बघायचं. मग दुसरा सोडायचा, सिलिंडरच्या प्रमाणपत्रावर लिहिलेल्या आकड्यावर काटा पोचतो का आणि पोचायला किती वेळ घेतो ते बघायचं. चुकत असेल तर जुळवून घ्यायचं, नोंदवहीत आधीचा आणि नंतरचा आकडा लिहायचा, खाली सही. झालं कॅलिब्रेशन.

बऱ्याच मॉनिटरांच्या पोटात युक्ती साधीच असते. हायड्रोजन हवेच्या जवळजवळ सातपट वेगाने उष्णता वाहून नेतो. तापवलेल्या बारीक तारेवरून तो गेला की तार थंड होते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि काटा हलतो. पण अणुभट्टीभोवतीच्या पोलादी कवचातली, म्हणजे कंटेनमेंटमधली हवा तशीच त्या तारेपर्यंत नेता येत नाही. अपघाताच्या वेळी तिथे वाफच जास्त. म्हणून पंपाने नमुना ओढायचा, थंड करायचा, वाफेचं पाणी करून काढून टाकायचं आणि उरलेला कोरडा वायू मोजायचा. आत निम्मी वाफ असेल तर कोरड्या नमुन्यातला हायड्रोजनचा टक्का आतल्यापेक्षा दुप्पट दिसतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. आणि पंप, शीतक, तार या सगळ्यांना वीज लागते.

मॉनिटर जिथे बसवलाय तिथेच हायड्रोजन येणार आहे का, हे मात्र या तपासणीत कोणी बघत नाही. ते कागदावर, आराखडा काढणाऱ्याने, कित्येक वर्षांपूर्वी ठरवलेलं असतं.

जपानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फुकुशिमा दाइइची वीजकेंद्राची पहिली अणुभट्टी १९७१ची. आराखडा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा, क्षमता ४६० मेगावॅट, चालवणारी कंपनी तेपको. (आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही याच कंपनीच्या, याच उकळत्या पाण्याच्या कुळातल्या आणि हिच्याहून दोन वर्षांनी थोरल्या.) तिचं कंटेनमेंट लहान, उलट्या धरलेल्या विजेच्या बल्बसारखं. त्यात हायड्रोजन पेटू नये म्हणून चालू काळात हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असे. प्राणवायूच नाही तर जळणार काय? हायड्रोजन मोजायची सोयही त्या कंटेनमेंटपुरतीच होती. कंटेनमेंटबाहेरच्या इमारतीत, जिथे माणसं वावरतात आणि साधी हवा असते, तिथे हायड्रोजन मोजायला काहीच नव्हतं. तो तिथे येणार नाही, असं ठरलेलं होतं.

११ मार्च २०११, दुपारी २.४६ (उरले २४ तास ५० मिनिटं)

समुद्राखाली ९.० तीव्रतेचा भूकंप. १, २, ३ क्रमांकाच्या अणुभट्ट्या चालू होत्या. ४, ५, ६ देखभालीसाठी बंद. चालू असलेल्या तिन्ही आपोआप बंद पडल्या. बाहेरून येणारी वीज तुटली, मिनिटभरात डिझेल जनरेटर सुरू झाले. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

दुपारी २.५२

पहिल्या अणुभट्टीचे दोन्ही आयसोलेशन कंडेन्सर आपोआप सुरू. या यंत्राला पंप लागत नाही. अणुभट्टीतली वाफ वरच्या टाकीतल्या पाण्यात बुडवलेल्या नळ्यांतून जाते, निवते आणि पाणी होऊन स्वतःच्या वजनाने परत खाली येते. फक्त व्हॉल्व्ह उघडे हवेत. अकरा मिनिटांनी, ३.०३ वाजता, चालकांनी ते बंद केले, कारण अणुभट्टी तासाला ५५ अंशांपेक्षा वेगाने थंड होत होती आणि नियम तसं होऊ देत नाही. मग एकच कंडेन्सर आलटूनपालटून उघडत-मिटत राहिले. त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी नियम पाळला.

दुपारी ३.३७ (उरले २३ तास ५९ मिनिटं)

केंद्राचा आराखडा ५.७ मीटर उंच लाटेचा होता. १ ते ४ क्रमांकाच्या इमारती समुद्रसपाटीपासून १० मीटरवर. ३.२७ला पहिली लाट आली, ३.३५च्या सुमाराला दुसरी, आणि पाणी १४-१५ मीटरपर्यंत चढलं. तळघरांतले जनरेटर आणि वीजपेट्या बुडाल्या. पहिल्या अणुभट्टीच्या बॅटऱ्याही गेल्या. पहिल्या आणि दुसऱ्या अणुभट्टीचा नियंत्रणकक्ष एकच. त्यातल्या पहिल्या अणुभट्टीच्या बाजूचे दिवे, सूचना देणाऱ्या पट्ट्या, काटे, सगळं विझलं.

हायड्रोजन मॉनिटर याच मिनिटाला मेला. त्याची नोंद कोणी केली नाही आणि करायचं कारणही नव्हतं. पाण्याची पातळी दिसत नसताना हायड्रोजन कोण विचारतो?

दुसरी गोष्ट जास्त घातक होती. वीज गेली की कंडेन्सरचे व्हॉल्व्ह मिटावेत अशी रचना होती, कारण पाइप फुटला असेल तर किरणोत्सार बाहेर जाऊ नये. वीज जाताना मिटण्याचा तो संकेत सुटला. ज्या यंत्राला पंपच लागत नाही, ते वीज गेली म्हणून थांबलं.

दुपारी ४.४४

केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांच्या आपत्कालीन कक्षाला वाटत होतं की कंडेन्सर चालू आहे. खात्री करायला माणूस पाठवला. पहिल्या इमारतीच्या भिंतीत कंडेन्सरची वाफ सोडणारी दोन तोंडं आहेत. तिथली माणसं त्यांना डुकराचं नाक म्हणत. तिथून थोडी वाफ निघतेय, असा निरोप आला. कंडेन्सर खरंच जोरात चालला तर तिथून वाफ गर्जना करत बाहेर पडते. पण कंडेन्सर प्रत्यक्ष चालताना पाहिलेलं त्या पाळीत कोणी नव्हतं. थोडी वाफ म्हणजे थोडं काम चालू, असा अर्थ लागला.

याच सुमाराला, ४.४२ ते ४.५६, पाण्याची पातळी थोडा वेळ दिसली. ती उतरत होती. मग काटा पुन्हा विझला.

संध्याकाळी ६.१८ (उरले २१ तास १८ मिनिटं)

बॅटरीचा थोडा जीव परत आला आणि दोन व्हॉल्व्हचे हिरवे दिवे दिसले, म्हणजे मिटलेले. चालकांनी ते उघडले. वाफ दिसली, मग दिसेनाशी झाली. टाकीतलं पाणी संपलं असेल अशी शंका येऊन त्यांनी सात मिनिटांनी एक व्हॉल्व्ह परत मिटला. हा निरोप आपत्कालीन कक्षापर्यंत नीट पोचलाच नाही. रात्री साडेनऊपर्यंत तो मिटलेलाच होता.

नंतरच्या विश्लेषणांनुसार इंधनाचं टोक याच सुमाराला पाण्याबाहेर आलं आणि तासाभरात इंधन बिघडायला लागलं. इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या. हा धातू अणुभट्टीत वापरतात कारण तो न्यूट्रॉन फारसे खात नाही. शांत तापमानाला त्याच्याइतका सज्जन धातू नाही. पण १२०० अंशांजवळ वाफ त्याला भिडली की तो तिच्यातला प्राणवायू हिसकावून घेतो आणि हायड्रोजन मोकळा करतो. त्या प्रक्रियेत आणखी उष्णता निघते. त्या उष्णतेने प्रक्रिया आणखी पळते. अशा रीतीने त्या रात्री शेकडो किलो हायड्रोजन तयार झाला. तो तयार होत असताना जगातला एकही काटा त्याच्यासाठी हलला नाही.

रात्री ९.१९ (उरले १८ तास १७ मिनिटं)

मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या गोळा करून आणल्या, अंधारात टॉर्चच्या उजेडात तारा जोडल्या आणि पाण्याच्या पातळीचा काटा जिवंत केला. वाचन आलं: इंधनाच्या टोकाच्या वर २०० मिलिमीटर. नंतर ५५० मिलिमीटर. नियंत्रणकक्षात सुटकेचा निःश्वास.

वाचन खोटं होतं. अशा पातळीमापकात तुलनेसाठी पाण्याने भरलेली एक वेगळी नळी असते. तिच्यातलं पाणी स्थिर आहे असं धरून अणुभट्टीतली पातळी काढतात. त्या रात्रीच्या उष्णतेने तुलनेच्या नळीतलंच पाणी उकळून गेलं. पट्टीच आखूड झाली, मग माप जास्तच भरणार! काटा मेलेला असता तर लोक सावध राहिले असते. त्याने जिवंत होऊन थाप मारली.

हा काटा नीट तपासला गेला तो थेट मे महिन्यात. कामगार पहिल्या इमारतीत शिरले, त्यांनी मापक जागेवर कॅलिब्रेट केलं आणि तेपकोने १२ मेला जाहीर केलं की पाणी इंधनाच्या टोकापासून ५ मीटरपेक्षा खाली आहे. इंधनाची लांबीच सुमारे ४ मीटर. म्हणजे इंधन त्याच्या जागी उरलेलंच नव्हतं. "इंधन वितळलं" हे शब्द कंपनीच्या तोंडून बाहेर पडले ते या एका कॅलिब्रेशननंतर.

रात्री ९.५१

पहिल्या इमारतीत किरणोत्सार वाढला. आत जायला बंदी. काट्यावर पाणी वर, दाराशी किरणोत्सार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि योशिदांच्या मनातली शंका इथूनच घट्ट होत गेली.

रात्री ११.५० (उरले १५ तास ४६ मिनिटं)

दिव्यांसाठी आणलेला छोटा जनरेटर कंटेनमेंटच्या दाबमापकाला जोडून पाहिला. ६०० किलोपास्कल! नेहमी हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त असतो; रचनेची मर्यादा ओलांडली गेली होती. १६ मिनिटांनी, १२.०६ वाजता, योशिदांनी कंटेनमेंटमधला वायू चिमणीतून सोडायची, व्हेंटची, तयारी करायला सांगितलं. तारीख बदलली होती.

१२ मार्च, पहाटे २.३० (उरले १३ तास ६ मिनिटं)

कंटेनमेंटचा दाब ८४० किलोपास्कल, मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. अडीच वाजता कुठे हा आकडा हाती आला, कारण प्रत्येक वाचनासाठी कोणीतरी तारा धरून बसावं लागत होतं. पंधरा मिनिटांनी अणुभट्टीच्या भांड्यातला दाबही मोजला, तो साधारण तेवढाच निघाला. संध्याकाळी तो ६९०० किलोपास्कल होता. कोणी उतरवला नव्हता. भांडं कुठेतरी गळत होतं, आणि आतलं सगळं आता कंटेनमेंटमध्ये होतं.

पहाटे ३.४५

किरणोत्सार मोजायला गेलेल्या माणसांनी इमारतीचं दुहेरी दार उघडलं. आत पांढरं धुकं. दार लगेच लावून घेतलं.

पहाटे ४.२३ (उरले ११ तास १३ मिनिटं)

मुख्य फाटकाजवळ ४ वाजता तासाला ०.०६९ मायक्रोसीव्हर्ट दाखवणारं यंत्र आता ०.५९वर पोचलं. कंटेनमेंट गळत होतं. त्याच्या वरच्या पोलादी झाकणाच्या सांध्याला रबरी सील असतं. इतक्या उष्णतेत आणि दाबात ते दम धरत नाही. झाकणाच्या बरोबर वर इमारतीचा पाचवा मजला. तिथे क्रेन, वापरलेल्या इंधनाचा तलाव, आणि भरपूर साधी हवा.

किरणोत्सारी वायू बाहेर येत होते हे यंत्राने दाखवलं. त्यांच्याच बरोबर, त्याच फटीतून, हवेपेक्षा चौदापट हलका हायड्रोजनही वर सरकत असणार, हे आज वाचताना उघड वाटतं. त्या पहाटे ते कोणाला सुचलं नाही. सगळ्यांचं लक्ष पोलादी कवच फुटेल का याकडे होतं.

सकाळी ७.११ (उरले ८ तास २५ मिनिटं)

पंतप्रधान नाओतो कान हेलिकॉप्टरने केंद्रावर उतरले. सोबत अणुसुरक्षा आयोगाचे अध्यक्ष हारुकी मादारामे. प्रवासात कान यांनी हायड्रोजनच्या स्फोटाबद्दल विचारलं होतं आणि मादारामेंनी उत्तर दिलं होतं: कंटेनमेंटमध्ये नायट्रोजन आहे, स्फोट होणार नाही. कंटेनमेंटपुरतं ते उत्तर अगदी बरोबर होतं.

इथे थोडं थांबून १९७९कडे वळतो. २८ मार्चला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात, इंधन वितळायला लागलं त्याच दिवशी, दुपारी १.५० वाजता दाबाच्या कागदावरच्या पेनने एकदम उडी मारली, दर चौरस इंचाला २८ पौंडांपर्यंत. धप्प असा आवाजही काहींनी ऐकला. विजेची काहीतरी गडबड, असं समजून ते पुढच्या कामाला लागले. तो कंटेनमेंटमधल्या हायड्रोजनचा भडका होता. तिथलं काँक्रीटचं कवच अवाढव्य, म्हणून टिकलं. त्या एका पेनाच्या उडीमुळे अमेरिकेत कंटेनमेंटमधले हायड्रोजन मॉनिटर सक्तीचे झाले. झिरो-स्पॅनच्या नोंदवह्या, वेळापत्रकं, सगळं तिथून जास्त कडक झालं. २००३मध्ये तिथल्या नियामकांनी हे नियम सैल केले आणि मॉनिटरांचा सुरक्षेतला दर्जा खाली आणला. कडक असताना आणि सैल झाल्यावर, दोन्ही वेळा प्रश्न कंटेनमेंटच्या आतलाच होता.

सकाळी ९.०४ (उरले ६ तास ३२ मिनिटं)

जवळच्या ओकुमा गावातली माणसं बाहेर पडल्याची खात्री झाली आणि पहिली जोडी व्हेंटचे व्हॉल्व्ह हाताने उघडायला निघाली. तोंडाला मुखवटा, पाठीवर हवेचं सिलिंडर, हातात टॉर्च. दुसऱ्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह त्यांनी एकचतुर्थांश उघडला. दुसरी जोडी तळघरात गेली. हातातलं किरणोत्सारमापक टोकाला जाऊन टेकलं आणि ते परतले. एकाच्या अंगावर १०० मिलिसीव्हर्टची मर्यादा ओलांडणारा डोस पडला होता. तिसरी जोडी पाठवली नाही.

या माणसांच्या डोक्यावर, काही मजले वर, हायड्रोजन साठत होता.

दुपारी २.३० (उरला १ तास ६ मिनिटं)

कंत्राटदाराकडून आणलेला हवेचा कॉम्प्रेसर जोडून मोठा व्हॉल्व्ह उघडायचा प्रयत्न झाला. दाब उतरायला लागला. व्हेंट झाला! चोवीस तासांत पहिल्यांदा एखादा आकडा हव्या त्या दिशेने गेला होता.

दुपारी २.५४

अग्निशमन गाड्यांनी भट्टीत सोडायचं गोडं पाणी संपत आलं होतं. योशिदांनी समुद्राचं पाणी सोडायला सांगितलं. दुसरीकडे रात्रभर राबून टाकलेली जाडजूड केबल साडेतीनच्या सुमाराला जोडली गेली. वीज येण्याच्या बेतात होती.

दुपारी ३.३६

हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की पेटू शकतो. १८ टक्क्यांच्या आसपास तो स्फोटासारखा फुटतो. ठिणगी कुठून आली ते नक्की कोणालाच सांगता आलेलं नाही. पाचव्या मजल्याच्या भिंती उडाल्या आणि पोलादी सांगाडा तेवढा उरला. पाच जण जखमी झाले. केबल तुटली, पाण्याचे होज फाटले. आपत्कालीन कक्षातल्या लोकांना आधी वाटलं, भूकंपाचा आणखी एक धक्का. मग दूरवरच्या कॅमेऱ्याचं चित्र दूरदर्शनवर आलं. त्यावरही काहींनी तर्क केला की टर्बाइन इमारतीतल्या जनरेटरला थंड ठेवणारा हायड्रोजन फुटला असावा. कारखान्यात हायड्रोजन कुठे असतो, तर जनरेटरमध्ये. हे सगळ्यांना पाठ होतं.

एक मॉनिटर, पाचव्या मजल्यावर, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, असता तर? स्फोट त्याने टळलाच असता असं मी म्हणणार नाही. छप्पर उघडायला त्या किरणोत्सारात कोण गेलं असतं? पण केबलवाल्यांना, होजवाल्यांना मागे घेता आलं असतं. आणि दोन दिवसांनी तिसऱ्या इमारतीत काय शिजतंय ते अंदाजाने ओळखावं लागलं नसतं. २०१३च्या जुलैत लागू झालेल्या जपानच्या नव्या नियमांत इमारतीतल्या हायड्रोजनचाही विचार करावा लागतो.

त्यानंतर

१४ मार्चला सकाळी ११.०१ वाजता तिसऱ्या इमारतीत स्फोट, अकरा जखमी. १५ला सकाळी सहाच्या सुमाराला चौथ्या इमारतीत. चौथ्या अणुभट्टीत तर इंधनच नव्हतं. तिसरीचा हायड्रोजन सामाईक चिमणीच्या पाइपांतून उलटा तिच्यात शिरला होता. दुसऱ्या इमारतीत असा स्फोट झाला नाही, कारण पहिल्या स्फोटाच्या धक्क्याने तिच्या भिंतीतली एक झडप आपोआप निखळून पडली होती आणि हायड्रोजनला बाहेर जायला वाट मिळाली.

१८ मार्चला पाचव्या आणि सहाव्या इमारतींच्या छपरांवर माणसं ड्रिल घेऊन चढली आणि प्रत्येक छपराला तीन भोकं पाडून खाली उतरली.